उंबरघळचा बस्ता

मित्रांनो, मी एक जुना दगड आहे. दगड म्हटल्यावर तुम्ही तोंड वाकडे कराल, हे मला ठाऊक आहे. पण मी वाटेत पडून लोकांना ठेच लावणारा दगड नव्हे. जुन्नरला हाताने कागद करीत, त्या कागदाला घोटून चकाकी आणणारा मी दगड. कागदी लोक मला मोहरा म्हणत. मुठीत मावेन एवढाच आहे, रंगाने काळपट तांबूस, आणि अंगाने इतका गुळगुळीत की माशीलासुद्धा माझ्यावर जपून बसावे लागते.

वजीर कागद्याच्या खापरपणजोबाला मी कुकडीच्या पात्रात सापडलो. तो गोणपाटे धुवायला नदीत उतरला होता आणि माझ्यावरून त्याचा पाय घसरला. आधी त्याने मला एक सणसणीत शिवी घातली आणि मग उचलून निरखून पाहिले. अशी शिवी खाऊन मी त्या घरात आलो आणि पाच पिढ्या राहिलो.

आमचे काम कसे चाले ते सांगितले पाहिजे, कारण तुम्हाला ते आता कुठे पाहायला मिळायचे नाही. तागाची जुनी गोणपाटे चुन्यात भिजवायची, कुटायची, नदीत धुवायची आणि पुन्हा कुटायची. त्याचा लगदा हौदात कालवायचा. हौदाच्या कडेला बसून कागद करणारा गवताच्या काड्यांची चाळण पाण्यात बुडवी आणि अलगद वर काढी. चाळणीवर सायीसारखा थर येई. तो थर भिंतीवर वाळे. वाळलेल्या तावाला खळ लावली की माझी पाळी. फळीवर ताव पसरून मला त्याच्यावरून रेटायचे, एका बाजूने आणि मग दुसऱ्या बाजूने. माझ्यावाचून कागद म्हणजे नुसता टिपकागद. त्यावर शाई फुटायची. हे मी बढाई मारण्यासाठी सांगत नाही. बरे, थोडी बढाई असेलही.

या मुलखाचा इतिहास सांगताना लोक शिवनेरीकडे बोट दाखवतात, लेण्यांकडे दाखवतात, नाणेघाटातल्या दगडी रांजणाकडे दाखवतात. ते खरेच आहे. पण गडावर शिधा किती गेला, कोणत्या घाटाची राखण कोणाकडे होती, कोणत्या भावकीचा तंटा कसा मिटला, हे सगळे कागदावर उतरले, आणि त्यातला कितीतरी कागद माझ्या अंगाखालून गेला होता. घोड्यावरून तो पुण्याला गेला, बैलाच्या पाठीवरून घाट उतरून कल्याणला गेला. इंग्रज आले, डोंगरात बंडे झाली. बंडवाल्यांना धरण्याचे हुकूम आमच्याच कागदावर निघाले, आणि त्यांच्या बायकांचे दयेचे अर्जही आमच्याच कागदावर गेले. मला दोन्हींचा सारखाच अभिमान वाटे. मूर्खच होतो मी. माझ्याकडे येई तेव्हा कागद कोरा असे. पुढे त्याच्यावर कोणाचे बरे लिहिले आणि कोणाचे वाईट, ते मी कधी पाहिले नाही, आणि पाहावेसे वाटलेही नाही.

वजीर माझ्यासमोर रांगायला शिकला, म्हणून मी त्याला अरेतुरे करतो. एरवी साठीच्या माणसाला कोणी एकेरी हाक मारू नये. तो हाताशी आला तेव्हा आमच्या मोहल्ल्यात सात हौद चालू होते. मग गिरणीचा कागद आला, पांढराशुभ्र आणि स्वस्त. एका हौदात कोंबड्या राहू लागल्या, एकात कडबा पडला, बाकीचे मातीने बुजले. कोणी तंबाखूच्या दुकानात कामाला लागला, कोणी मुंबईला गेला. वजीर तेवढा मागे राहिला. त्याची बायको हाजराबी भाकरी थापता थापता म्हणायची, "साऱ्या गल्लीला अक्कल आली. तुमालाच तेवढी यायची राहिली."

"एक हौद तरी ओला राहू दे," एवढेच वजीर म्हणे.

तागही मिळेनासा झाला तेव्हा वजीर जुना, लिहून संपलेला कागद घेऊ लागला. लोक तो आपण होऊन आणून देत. लिहिलेल्या कागदाला पाय लागला तर आपल्याकडे माणूस तो उचलून कपाळाला लावतो. या बाबतीत जुन्नरात हिंदू-मुसलमान असा भेद नव्हता. मग जीर्ण झालेल्या कागदाचे करायचे काय? रस्त्यावर टाकवत नाही, चुलीत घालवत नाही. वजीरच्या हौदात तो मानाने विरघळे. कागद हौदात सोडताना वजीर बिस्मिल्ला म्हणे आणि एखादा हिंदू गिऱ्हाईक समोर असेल तर तो हात जोडी.

एकोणीसशे त्रेपन्न सालची गोष्ट. दसरा नुकताच झाला होता. आंबेगावच्या हद्दीलगतच्या डोंगरातून कुशाबा आला. उंबरघळ नावाची पंधरा घरांची वस्ती होती, तिथला तो म्होरक्या. दर वर्षी हिरडा आणि थोडे तांदूळ घेऊन बाजाराला उतरे आणि वजीरच्या ओट्यावर मुक्काम करी. दोघांच्या बापांपासूनचा घरोबा होता. त्या वर्षी हिरड्याच्या पोत्यावर त्याने एक लाल फडक्यातले गाठोडे बांधून आणले होते.

"वजीरभाऊ, गावाच्या जुन्या कागदांचा बस्ता हाये," कुशाबा म्हणाला. "वाळवी लागली त्येला."

वजीरने ओले हात पुसले. "काय हाये ह्याच्यात?"

"कुनाला ठावं? बस्ता सोडायचा नसतो. माझ्या आज्यानं सोडला न्हाई, बापानं सोडला न्हाई. खंडेनवमीला कोयत्या-इळ्यांसंगं पुजायचा आन पुन्यांदा उतरंडीमागं ठिवायचा. सोडला तर त्यातलं गावाचं दैव निघून जातं, असं म्हनत्यात. औंदा पूजेला उचलला, तर खालनं माती गळाया लागली."

"मंग?"

"आमच्या वस्तीतली म्हातारी सखूबाई म्हनली, भंगलेला देव घरात ठिऊ नये. पान्यात सोडावा. आता वढ्यात सोडला तर खाली खाचरात अडकंल, गुरं तुडवतील. तवा तुमचा हौद आठवला."

वजीरच्या चेहऱ्यावर समाधान पसरले. इतक्या लांबून माणूस देव म्हणून कागद घेऊन आला, याचे त्याला अप्रूप वाटले. "लई बराबर केलं तुमी," तो म्हणाला. "माझ्या हौदात कुनाचा पाय पडायचा न्हाई."

त्याने गाठ सोडली. कुशाबाने मान फिरवली. पाहायचे नसते ना. वरचे निम्मे कागद वाळवीने चाळून टाकले होते. खालचे दहा-बारा ताव मात्र शाबूत निघाले. मी कोनाड्यात होतो. ती चकाकी मला लांबूनच ओळखू आली, कारण ती मीच आणलेली होती. वजीरच्या पणजोबाचा हात आणि माझे अंग, दोन्ही त्या तावांवर होते. वजीरनेही एक ताव उजेडात धरला, काड्यांच्या रेघा पाहिल्या आणि म्हणाला, "आमच्याच घरचा माल हाये, कुशाबा. माहेरी आला बघा."

मित्रांनो, त्याने कागद पाहिला, अक्षर पाहिले नाही. वर गोल शिक्का होता, मजकूर मोडीत होता, खाली माणसांच्या निशाण्या होत्या. वजीरला मोडी येत नव्हती, पण तीन घरे टाकून हौशीराम राहत होता. तो कचेरीबाहेर बसून लोकांचे अर्ज लिही, आणि मोडी तर घडाघडा वाची. त्याला हाक मारायला घोटभर चहाइतकाही वेळ लागला नसता. मी ओरडलो असतो, पण दगडाचे ओरडणे ऐकणार कोण? खरे सांगायचे तर तेव्हा मलाही ओरडावेसे वाटले नाही. आपली घोटाई दीडशे वर्षे टिकली, याच आनंदात मी होतो.

कुशाबाने चिमूटभर हळदकुंकू वाहिले. वजीर बिस्मिल्ला म्हणाला. दुसऱ्या दिवशीपर्यंत बस्त्याचा लगदा झाला, आणि त्यात थोडा ताग घालून वजीरने वीस ताव उचलले. कुशाबा हलक्या मनाने डोंगर चढून गेला. गावावरचे ओझे उतरले, असे तो हाजराबीला म्हणाला होता.

चैत्रात तो पुन्हा आला. या वेळी हिरडा नव्हता आणि बाजारचा दिवसही नव्हता. भर उन्हात आला, ओट्यावर बसला आणि पाण्याचा तांब्या हातात तसाच धरून राहिला.

"वजीरभाऊ," तो म्हणाला, "त्यो बस्ता."

मग थोडे थोडे करून सगळे बाहेर आले. उंबरघळच्या डोक्यावर देवराई होती. हिरडा, आंबा, जांभूळ, दोन माणसांच्या कवेत न मावणारी झाडे. तिच्या पायथ्याशी एक झरा होता. दिवाळीनंतर ओढा आटला की पंधरा घरे आणि त्यांची गुरे पाऊस पडेपर्यंत त्या एका झऱ्यावर जगत. आता कचेरीची माणसे येऊन झाडांवर डांबराचे पट्टे ओढून गेली होती. देवराई कोळशासाठी लिलावात निघणार होती. कोणाचा जुना हक्क असेल तर त्याने महिन्याच्या आत कागद दाखवावा, असे त्यांनी लावलेल्या नोटिशीत होते.

"राई तुटली तर झरा ऱ्हात न्हाई," कुशाबा म्हणाला. "समोरच्या वाडीचं असंच झालं. आता तिथं भुतं सुदिक ऱ्हात न्हाईत."

हाजराबीने आपण होऊन हौशीरामला बोलावून आणले. त्याने वजीरला खोदून खोदून विचारले. शिक्का कसा होता? कुठे होता? खाली निशाण्या कसल्या होत्या? वजीर डोळे मिटून आठवू लागला. शिक्का वर, गोल. खाली नांगर काढलेला, कोयता काढलेला, आणखी काही. अक्षर कसे होते ते त्याला सांगता येईना, पण प्रत्येक ताव किती जाड होता ते त्याने चिमटीत धरून दाखवले.

हौशीरामने त्या निशाण्या बोटाने हवेत गिरवून पाहिल्या. "पंचांचा निवाडा असावा," तो म्हणाला. "गावाचा हक्क मान्य केल्याचा. असावा म्हनतो. आता काय सांगनार?" आणि मग हलक्या आवाजात, "वजीरभाऊ, मला हाक मारायची व्हती."

मध्येच कुशाबा बोलला. "चूक त्येंची न्हाई. आमीच आनला. आमीच हात जोडले."

"मी धंद्याचा मानूस," वजीर म्हणाला. "चूक माझी हाये."

अशी ती चूक दोघांनी आपापल्याकडे ओढून धरली. मी कोनाड्यात होतो. माझ्याकडे कोणी पाहिलेसुद्धा नाही.

अर्ज करायचे ठरले. हौशीरामने पिशवीतून गिरणीचा ताव काढला, तेव्हा वजीरने त्याचा हात धरला. आत जाऊन त्याने त्या वीस तावांतला एक आणला. "गाव ह्याच्यात हाये," तो म्हणाला. "अर्ज बी ह्याच्यावरच लिवा." मग सकाळभर त्याने मला त्या तावावरून फिरवले. इतका जोर त्याने तरुणपणीही कधी लावला नव्हता. दाबता दाबता माझ्या वेड्या मनात आले की एखादे जुने अक्षर वर येईल. कुठले येणार! कागद आरशासारखा झाला आणि कोराच राहिला.

जुन्नरच्या तालुका कचेरीत वजीर कुशाबाबरोबर गेला. मला त्याने बंडीच्या खिशात घातले होते, साक्षीदार म्हणून. साहेब तरुण होता आणि वाईट नव्हता, हे मला सांगितलेच पाहिजे. त्याने दोघांना बसायला बाक दिला आणि कुशाबाचे बोलणे मध्ये न तोडता ऐकले.

कुशाबाने गावाची सगळी हकीकत सांगितली. त्याचे सात पूर्वज खालच्या कोकणातून नाळेने, म्हणजे डोंगरातल्या अरुंद घाटवाटेने, वर आले. ती नाळ त्यांनी राखली. एका हिवाळ्यात लुटारू चढून आले, तेव्हा त्या सातांतले पाच तिथेच पडले. उरलेल्या दोघांना राई आणि झरा मिळाला. पंधरा घरे त्या दोघांची. पाचांच्या नावाने राईत पाच दगड उभे आहेत. बोलता बोलता त्याने पाचही नावे घेतली.

"हे लिहिलेलं कुठे आहे?" साहेबाने विचारले.

"त्या बस्त्यात आसंल."

"असेल?"

मग वजीर उठला. बस्ता आपण विरघळवला, तो आपल्याच घरच्या कागदाचा होता, आपण शपथ घेऊन सांगतो, असे त्याने सांगितले. मला खिशातून काढून त्याने टेबलावर ठेवले. "साहेब, त्या कागदावर ह्या दगडाची घोटाई व्हती. मी वळखली व्हती."

"बाबा, त्यात काय लिहिलं होतं ते वाचलंत का?"

"न्हाई."

"कुणी वाचलं?"

"कुनीच न्हाई."

"मग तो निवाडा होता की कुणाची घरगुती पत्रं होती, हे मी कशावरून ठरवू?"

खिडकीतून उन्हाळ्याचा वारा आला आणि टेबलावरचा अर्ज फडफडला. साहेबाने बोलता बोलता मला उचलून त्याच्यावर ठेवले. अर्ज वर पाठवतो, म्हणाला. पण आशा धरू नका, हेही त्याने सांगितले. निघताना वजीरने माझ्यासाठी हात पुढे केला आणि तसाच मागे घेतला.

"ऱ्हाऊ द्या साहेब," तो म्हणाला. "अर्ज उडायला नगं."

त्या दिवसापासून मी कचेरीत आहे. पुढचे मला हौशीरामकडून कळले. तो कारकुनाशी गप्पा मारायला आत येई. घरी गेल्यावर हाजराबीने वजीरला विचारले, मोहरा कुठे आहे? तो म्हणाला, "कामावर हाये." तिने दुसरा दगड शोधून आणला, तो त्याने हातात धरला नाही. पावसाळ्यानंतर हौद सुकला. दुसऱ्या वर्षी वजीर गेला. जुन्नरचा शेवटचा ओला हौद तोच होता, पण याची नोंद कुठे झाली असेल असे मला वाटत नाही.

अर्ज वरून परत आला तो एका ओळीचा शेरा घेऊन: पुराव्याअभावी नामंजूर. राई तुटली. भट्ट्यांचा धूर महिनाभर डोंगरावर दिसत होता, असे लोक बोलत. झरा पहिल्या वर्षी बारीक झाला, दुसऱ्या वर्षी त्याचा चिखल झाला. उंबरघळची घरे एकेक करून उतरली, कोणी कळंबला मजुरीला, कोणी डिंगोऱ्याला सोयऱ्यांच्या दारी.

एकोणीसशे सत्तावन्नच्या वैशाखात कुशाबा कचेरीत आला. पार वाळला होता. त्याने कारकुनाला आपल्या गावचा अर्ज मागितला.

"तो नामंजूर झालाय, बाबा."

"झाला न्हवं? मंग तुमाला त्येचा काय उपेग? मला द्या. आमच्या गावाचा कागद हाये त्यो. दुसरा न्हाई आता."

"फायलीतला कागद परत देता येत नाही."

कुशाबा हुज्जत घालणारा नव्हता. तो म्हणाला, "मंग वाचून तरी दावा. त्यात काय लिवलंय, मला ठावं न्हाई."

कारकुनाला काय वाटले कोण जाणे, त्याने मला बाजूला केले, फाईल सोडली आणि मोठ्याने वाचले. मौजे उंबरघळ. घरे पंधरा. सात पूर्वज नाळेने वर आले. पाच पडले. पाचांची नावे. राई आणि झरा. कुशाबा हात जोडून ऐकत होता, देवळात पोथी ऐकावी तसा. वाचून झाल्यावर त्याने पुन्हा एकदा नावांपासून वाचायला सांगितले. कारकुनाने तेही वाचले.

"समदं बराबर हाये," कुशाबा म्हणाला. "फकस्त घरं पंधरा न्हाईत आता. तीन हायेत. तेवढं दुरुस्त करा."

"फाईल बंद झाली आहे, बाबा."

कुशाबाने मान हलवली आणि तो पायऱ्या उतरून गेला. कारकुनाने फाईल बांधून कपाटात टाकली आणि मला दुसऱ्या कागदांवर ठेवले.

मित्रांनो, तुमच्या घरी माळ्यावर किंवा देव्हाऱ्यामागे असा एखादा बांधलेला कागद असेल. त्याला हळदकुंकू लावा, नमस्कार करा, माझी हरकत नाही. पण आधी त्याची गाठ सोडा आणि तो कोणाकडून तरी वाचून घ्या. माझ्यासारखी नुसती चकाकी पाहून खूश होऊ नका. उंबरघळला हे सांगून आता काही उपयोग नाही, म्हणून तुम्हाला सांगतो आहे.